ब्याऐंशी हजारांच्या केबली आणि अण्णांचा तंबोरा

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. घरात साठीच्या पुढचं कुणी गाणं ऐकणारं असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

मागच्या आठवड्यात एका मित्राने घरच्या स्टिरिओसाठी घेतलेल्या नव्या केबलींचा फोटो टाकला. अजगरासारखी जाड, वरून रेशमी विणकाम, टोकाला सोन्याचा मुलामा. किंमत वाचून मी एवढंच लिहिलं की या पैशात दुसरे स्पीकर आले असते. त्यावर जो काही मार पडला! "तुला फरक कळत नाही म्हणून आम्हालाही कळत नाही असं समजू नकोस." "हौसेला मोल नसतं." "पैसे त्याचे, तुझ्या पोटात का दुखतं?"

दुखतं. का दुखतं ते सांगतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. वय ७६, बँकेतून निवृत्त. मिरजेतच वाढलेले, त्यामुळे गाणं ऐकण्याची सवय जन्माची. घरी जुना पण चांगला अँप्लिफायर, दोन मध्यम आकाराचे स्पीकर, सीडी प्लेअर, रेकॉर्ड प्लेअर आणि भिंतभर रेकॉर्डी. रोज संध्याकाळी दोन तास त्यांचे. त्या वेळात आमच्या घरी कुणी टीव्ही लावत नाही.

दोनेक वर्षांपासून अण्णांची एक तक्रार सुरू झाली. "तंबोरा मेलाय रे." गाणं ऐकू येतं, शब्द कळतात, पण मागचा तंबोरा पूर्वीसारखा झणकारत नाही. जवारी बंद झाल्यासारखी वाटते. त्यांनी सुई बदलून पाहिली, रेकॉर्डी पुसल्या, स्पीकर इकडचे तिकडे केले. काही फरक नाही.

गेल्या दिवाळीत एका मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये ते गेले. दुकानाचं नाव घेत नाही, दुकान एकच असतं तर घेतलं असतं. तिथल्या माणसाने अण्णांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं (आम्ही घरच्यांनी तेवढंही केलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो) आणि सांगितलं, "काका, तुमची सिस्टीम उत्तम आहे. वायर गरीब आहे. वरचे सूर वायरमध्येच अडकतात." स्पीकर केबल ५८ हजार, सीडी प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंतची २४ हजार. एकूण ८२ हजार. अण्णांनी एक मुदत ठेव मोडली आणि आम्हाला सांगितलं नाही.

घरी येऊन लावल्या. तंबोरा तसाच. फोन केला तर उत्तर मिळालं, "काका, केबल मुरावी लागते. दोनशे तास वाजवा." रोज दोन तास म्हणजे शंभर दिवस. अण्णांनी शंभर दिवस वाजवलं. लोणचं मुरतं तसं तांबं मुरेल म्हणून एक शहाणासुरता माणूस तीन महिने वाट बघत बसला. एवढ्या दिवसांत परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती.

आता मूळ प्रश्न. केबल बदलून आवाज सुधारतो की बिघडतो? मी इंजिनिअर नाही, पण भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. हा हिशोब दहावीच्या विज्ञानाचा आहे, कुणीही करावा.

तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतली तर एका मीटरला तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.०१७ ओहम असतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.००७. अँप्लिफायरपासून स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तार झाली. म्हणजे ०.०४ ओहम. आणि स्पीकर आहे ८ ओहमचा. वायर किती खाते? अर्धा टक्का. आवाजात मोजलं तर डेसिबलचा पंचविसावा भाग. कसलेल्या कानालाही चालू गाण्यात एवढा फरक हाताला लागत नाही.

शिवाय स्पीकरच्या आत काय आहे ते बघा. त्या ८ ओहमच्या स्पीकरच्या आत जी कॉइल हलते ती केसासारख्या बारीक तारेची कित्येक मीटरची गुंडाळी असते आणि तिचाच रेझिस्टन्स ६ ओहमच्या आसपास असतो. विजेला त्या बारीक बोळातून जायचंच आहे. मग बाहेरचे तीन मीटर सोन्याचा रस्ता करून काय साधणार? गाणं रेकॉर्ड झालं तेव्हाही मायक्रोफोनपासून मिक्सरपर्यंत ते साध्या वायरीतून दहा-वीस मीटर येऊन गेलेलं आहे. जो सूर तिथे अडकला नाही, तो अण्णांच्या दिवाणखान्यातच बरा अडकला?

वायरीमुळे कधीच फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. पडतो, आणि तो कुठे पडतो हे माहीत असलं पाहिजे.

एक. वायर फारच बारीक आणि लांब असेल तर. समजा दारावरच्या घंटीची ०.५ चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर ओढून पलीकडच्या खोलीत ४ ओहमचा स्पीकर लावलाय. जाऊन-येऊन जवळपास ०.७ ओहम. हे स्पीकरच्या १७ टक्के झालं. आवाज सव्वा डेसिबलहून जास्त पडतो आणि बासही ढिला होऊ शकतो. इथे वायर बदला, नक्की सुधारेल. पण बदलायची ती इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या जाड वायरीने. सोपा नियम लक्षात ठेवा: वायरीचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत असला की झालं.

दोन. जोड सैल असेल, टोक काळं पडलं असेल, प्लग गंजला असेल तर. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. पुष्कळांना "नवी केबल लावली आणि पडदा उघडला" असं वाटतं त्यात खरी गोष्ट एवढीच असते की केबल बदलताना जुना गंजलेला जोड निघाला. टोक तासून पुन्हा घट्ट बसवलं असतं तर फुकटात काम झालं असतं.

तीन, आणि हे मुद्दाम वाचा, कारण इथे महाग केबल आवाज बिघडवूही शकते. रेकॉर्ड प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंतची वायर. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधल्या कॉइलचा इंडक्टन्स साधारण अर्धा हेन्री धरा. तिला २०० पिकोफॅरडची वायर जोडली तर त्या दोघांचा रेझोनन्स १६ हजार हर्ट्झच्या आसपास येतो. हौसेने लांबलचक, जास्त कपॅसिटन्सची केबल लावून तो आकडा ५०० वर नेला की रेझोनन्स १० हजारांवर खाली उतरतो. मग तिथे सूर टोचतो आणि त्याच्या वरचं सगळं झोपतं. तसंच काही दिखाऊ विणलेल्या केबलींना बाहेरून जाळीचं संरक्षणच नसतं. त्या घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतात. शंभर-दोनशे रुपयांची साधी शील्ड असलेली वायर तिथे जास्त स्वच्छ वाजते.

बाकी घरातल्या नेहमीच्या अंतरावर, धड जाडीच्या, धड जोडलेल्या तांब्याच्या वायरीत आणि ५८ हजारांच्या केबलीत कानाला कळण्यासारखा फरक नसतो.

"हिशोब ठेव बाजूला, कानाने ऐक," असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचं. आम्ही ऐकलंच.

अण्णांच्या अँप्लिफायरला मागे 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरच्या दोन जोड्या आहेत. 'ए'ला ५८ हजारांची केबल, 'बी'ला इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेली २.५ ची दुपदरी वायर. सहा मीटर, साडेसहाशे रुपये. दोन्ही वायरी त्याच स्पीकरांना जोडल्या, आवाजाचं बटण एकाच जागी. मध्ये चादर टांगली. भाचा दर वेळी नाणं उडवायचा आणि छापा-काट्याप्रमाणे 'ए' किंवा 'बी' लावायचा. बटणाच्या आवाजावरून कळू नये म्हणून प्रत्येक वेळी दोनदा टिकटिक करायचा. गाणं अण्णांच्या आवडीचं, वीस फेऱ्या, प्रत्येक फेरीला हवा तेवढा वेळ. सुरुवातीला दोन्ही वायरी सांगून ऐकवल्या. तेव्हा अण्णा म्हणाले, "फरक आहे. महागडी मोकळी वाजते."

मग चादरीमागून वीस फेऱ्या झाल्या. अण्णांचे ११ बरोबर आले, माझे ९. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी दहाच्या आसपास आलीच असती. नशिबावर १५ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात दोन, म्हणून आम्ही १५ची रेघ आधीच ठरवली होती. तिच्या जवळपासही आम्ही दोघं गेलो नाही.

अण्णांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मला डोळ्यांनी ऐकू येत होतं."

याच्याइतकं नेमकं मला लिहिता येणार नाही. आपण किंमत बघतो, जाडी बघतो, विकणाऱ्याचा विश्वास बघतो, आणि कान त्याप्रमाणे ऐकतो. यात कुणी मूर्ख ठरत नाही, माणसाचं डोकं असंच चालतं. म्हणून तर चादर टांगायची. आणि दुकानातल्या पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात आवाज किंचित जरी वाढला, तरी वाढलेलाच जास्त चांगला वाटतो. तिथे मुद्दाम वाढवतात असा माझा आरोप नाही. पण तिथे चादर नसते, एवढं नक्की.

परदेशातही हेच झालंय. २००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने ७,२५० डॉलरच्या एका स्पीकर केबलवरून आव्हान दिलं होतं: न बघता ही केबल साध्या चांगल्या केबलपासून ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घ्या. बोलणी झाली, पत्रव्यवहार झाला, चाचणी मात्र झालीच नाही. ते बक्षीस कुणीही न जिंकता २०१५ मध्ये बंद झालं.

आपल्या मिरजेत तारेचं महत्त्व मी कुणाला सांगायला नको. सतारमेकर गल्लीत जा. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो, आणि बंद असलेला तंबोरा तुमच्यासमोर बोलायला लागतो. तो तुम्हाला "दोनशे तास थांबा" म्हणत नाही. "ज्याचे कान तयार आहेत त्यालाच कळेल" असंही म्हणत नाही. दारातून जाणाऱ्या पोरालाही कळतं. खरा फरक असला की त्याची वकिली करावी लागत नाही.

मग अण्णांचा तंबोरा मेला कसा?

चाचणीत भाच्याने एक गोष्ट हेरली. रेकॉर्डीत एका ठिकाणी सुईची बारीक चिर्रचिर्र होती. ती मला ऐकू येत होती, भाच्याला येत होती, अण्णांना येत नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओग्राम काढला. २ हजार हर्ट्झपर्यंत ठीक, ४ हजारांपासून कागदावरची रेघ जिना उतरल्यासारखी खाली. दोन्ही कानांत. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, फार जणांना होतं. तंबोऱ्याची झणकार, जवारीतून उठणारे बारीक सूर, यांचा मोठा भाग तिथेच वर असतो. अण्णा म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. वरचे सूर अडकत होते. ते वायरीत अडकत नव्हते, एवढंच.

तक्रार सुरू झाली त्या दिवसापासून कुणालाही ही शंका यायला हवी होती. पहिल्यांदा मला यायला हवी होती. मी "अण्णा, मला तर नीट ऐकू येतंय" म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालत होतो. पण आमच्या चुकीवर आणखी आठ महिने घातले ते त्या केबलीने. दिवाळी ते जुलै. मुरण्याची वाट बघण्यात गेले ते महिने. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन श्रवणयंत्रांची किंमत सत्तर हजार झाली आणि मोडायला ठेव उरली नव्हती. ती मी आणि बहिणीने मिळून घेतली, अण्णांना ते आवडलं नाही.

आता हौसेबद्दल. हौसेला मोल नसतं, कबूल. मला केबल सुंदर वाटते म्हणून मी एक लाखाची घेतो, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या घरी जाऊन ती बघेन आणि चहा पिऊन येईन. माझं भांडण खरेदीशी नाही, दाव्याशी आहे. "दिसायला छान आहे" ही हौस. "वरचे सूर मोकळे होतील" हा दावा. पैसे दाव्याचे घेतले असतील तर दावा सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढून वाचा. अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत तोंडी विधानही येतं, छापील जाहिरातच लागते असं नाही. वस्तूच्या कामगिरीची हमी योग्य चाचणीच्या आधाराशिवाय दिली तर तीही त्यातच मोडते. आणि "आम्ही चाचणी केली होती" असा बचाव कुणी घेतला तर ती सिद्ध करण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर आहे. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. तक्रार करायला दुकानाच्या गावी जावं लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आम्ही दुकानाला साधा प्रश्न लेखी विचारला: तुम्ही म्हणालात तो फरक कोणत्या मोजमापात दिसतो, ते दाखवा. उत्तर आलं, "आवाज हा ज्याच्या त्याच्या अनुभवाचा भाग आहे." बघा गंमत. विकताना फरक पक्का होता, विचारल्यावर तो अनुभवाचा भाग झाला. बिलावर फक्त "स्पीकर केबल, एक जोडी" एवढंच. म्हणून सांगतो: दुकानदार जे तोंडाने बोलतो ते बिलावर किंवा निदान मेसेजवर लिहून मागा. "वरचे सूर सुधारतील, नाही सुधारले तर तीस दिवसांत पैसे परत," एवढी एक ओळ. लिहून दिली तर खुशाल घ्या. नाही दिली तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आयोगात जायला अण्णा तयार नाहीत. "बँकेत लोकांना मी सांगायचो, सही करण्याआधी वाचा. आता मीच फसलो म्हणून चारचौघांत काय सांगू?" अशा विक्रीचा खरा आधार हाच आहे. पैसे गेलेला माणूस बोलत नाही, उलट पटवून देतो की फरक पडला. मग त्याचा मित्र जातो. ही पोस्ट लिहायला अण्णांनी परवानगी दिली ती एका अटीवर, "सगळं लिही, नंतर कुणी कान तपासून घेतला तर मला कळव."

म्हणून शेवटचं, अगदी व्यवहाराचं. आवाज मंदावल्यासारखा वाटला तर या क्रमाने बघा. आधी कान, विशेषतः साठीनंतर. ऑडिओग्रामला केबलीच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही, आणि मुंबईकडे असाल तर वांद्र्याला अली यावर जंग ही श्रवणदोषांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. मग जोड आणि प्लग. मग खोली. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचा असतील तर एक सतरंजी आणि जाड पडदा जेवढा फरक पाडेल तेवढा कुठलीही केबल पाडणार नाही. मग स्पीकरची जागा, मग स्पीकर. केबल या यादीत सगळ्यात शेवटी, आणि तीही इलेक्ट्रिकच्या दुकानातली.

ज्यांनी मला झोडपलं त्यांना आमंत्रण आहे. रविवारी या. तुमची केबल आणा, तुमचं गाणं आणा, हवं तर नाणंही तुमचंच. चादर आमची. वीसपैकी १५ ओळखलेत तर मी इथेच जाहीर माफी मागेन आणि ही पोस्ट काढून टाकीन. चहा दोन्ही बाजूंनी मिळेल.

अण्णांचं विचाराल तर यंत्रं लावून तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी म्हणाले, "तंबोरा कर्कश झालाय, पत्र्यासारखा." डॉक्टरांनी गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून दिलं, कान सरावायला वेळ लागेल म्हणाले. काल संध्याकाळी साडेसहाशेच्या वायरीवर त्यांनी एक जुनी रेकॉर्ड लावली. थोड्या वेळाने मला हाक मारून म्हणाले, "पंचमाची तार जरा उतरलीय बघ यात. इतकी वर्षं ऐकतोय, लक्षात कसं आलं नाही!"

मी ऐकलं. खरंच किंचित उतरलीय.